जुने चार्जेबल सेल, एक फुगलेली बॅटरी आणि रिकामा खिसा: विल्हेवाट कशी लावू?

फ्लॅशवाला

छोट्या समारंभांचे फोटो काढतो. फ्लॅशला पेन्सिल सेल लागतात, तेही ढिगाने. म्हणून चार्जेबल घेत गेलो आणि थकलेले कपाटाच्या खालच्या खणात टाकत गेलो. आता तो खण बंद होत नाही. आतला ऐवज असा: निकेल-मेटल हायड्राइडचे चाळीसेक पेन्सिल सेल, कॅमेऱ्याच्या दोन-तीन लिथियम बॅटऱ्या, चार्जच होत नाही अशी एक पॉवर बँक, जुन्या कॉर्डलेस फोनमधला तीन सेलांचा गठ्ठा (वर निकेल-कॅडमियम लिहिलंय), इमर्जन्सी दिव्यातली एक जड चौकोनी बॅटरी, आणि जुन्या मोबाइलमधली एक फुगलेली. ही शेवटची हाताला लागली आणि विचारायला बसलो.

ई-कचरा नेणाऱ्या एका संस्थेला फोन केला होता. ते घरी येऊन नेतात, पण येण्याचा खर्च आपला, आणि किमान वजन भरलं पाहिजे. माझा खण त्या वजनाच्या आसपासही जात नाही. सध्या कामं जवळजवळ नाहीत, त्यामुळे कचरा द्यायला वर पैसे मोजणं जमणार नाही. मित्र म्हणतो, रोजच्या कचऱ्यात एकेक करून सोडून दे, कुणाला कळतंय? कळणार नाही हे खरं, पण मन घेत नाही.

तर प्रश्न असे. हे फुकटात किंवा जवळपास फुकटात कुणी घेतं का? देईपर्यंत घरात कसं ठेवू (घरी लहान मूल आहे)? मिठाच्या पाण्यात बुडवलं की बॅटरी रिकामी होऊन निरुपद्रवी होते असा एक व्हिडिओ पाहिला, ते खरं का? आणि यातले काही सेल अजून चालतील, की मेला म्हणजे मेला?

बिनधास्त

एवढा विचार कशाला? सगळं एका पिशवीत भरा, भंगारवाल्याला द्या. वर चार पैसे सुटतील.

जुनी_सोल्डर

बिनधास्त यांचं अर्धं बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्याने घर पेटेल. "सगळं एका पिशवीत" हेच करायचं नाही.

मी बरीच वर्षं यूपीएस आणि बॅटऱ्यांच्या दुरुस्तीत काढली. जुनी बॅटरी समोर आली की लोक विचारतात, यात विष किती? मी आधी विचारतो, यात वीज किती उरली? संपला म्हणून काढलेल्या सेलमध्ये थोडी वीज असतेच. तुमच्या फ्लॅशला ती पुरत नाही, ठिणगीला पुरते. सुटे सेल खणात लोळतायत, एखादी किल्ली, नाणं नाहीतर पिन प्लस आणि मायनस दोन्हींना एकदम टेकली की शॉर्ट झालंच. म्हणून आज रात्री करायचं काम एकच, आणि त्याला लागते फक्त चिकटपट्टी.

विजेच्या कामाची काळी टेप किंवा खोकी बंद करायची पारदर्शक टेप, दोन्ही चालतात. चंदेरी फॉइल टेप नको, तिच्यातून वीज जाते. पेन्सिल सेलच्या प्लस टोकावर एक तुकडा पुरे. कॅमेऱ्याच्या बॅटरीला ज्या बाजूला सोनेरी पट्ट्या असतात ती बाजू झाका. कॉर्डलेसच्या गठ्ठ्याला वायर आणि पिन असेल तर पिनेवर टेप गुंडाळा. वायर कापायची वेळ आलीच तर एका वेळी एकच कापा. दोन्ही वायरी एकत्र धरून कापल्या की कात्रीच शॉर्ट करते. आणि बॅटरीवरचं छापील नाव झाकू नका, पुढे वर्गीकरण करणाऱ्याला तेवढाच आधार असतो.

आता फुगलेली. इलेक्ट्रोलाइटचं, म्हणजे आतल्या वीजवाहक द्रावणाचं, विघटन होऊन आत वायू साठतो, म्हणून ती फुगते. दाबून सपाट करायची नाही, टोचून हवा काढायची नाही, "बघू चालते का" म्हणून चार्जिंगला तर अजिबात लावायची नाही. टोकांना टेप लावा, पत्र्याच्या डब्यात कोरडी वाळू घ्या, तिच्यात ती आडवी ठेवा आणि वरून वाळू घाला. झाकण नुसतं टेकवा, घट्ट बसवू नका, वायूला वाट हवी. डबा लाकूड, पडदे, कागद यांच्यापासून लांब, उन्हात नाही, जिन्यात नाही, आणि मुलाचा हात पोचणार नाही अशा जागी. वाळू आग विझवेलच असं नाही, पण ती पसरू देत नाही. बाकीचा खण महिनाभर थांबला तरी बिघडत नाही, ही एक मात्र पहिल्यांदा घराबाहेर काढा. पोस्टाने, कुरियरने कुठे पाठवायचा विचारही नको.

मिठाचं पाणी: नको. कारण सांगतो, म्हणजे दुसरा व्हिडिओ आला तरी मोह होणार नाही. लिथियम-आयन सेलचा विजेचा दाब ३.६-३.७ व्होल्ट. पाण्याचं विघटन व्हायला त्याहून बरंच कमी लागतं. त्यामुळे पाण्यात टाकताच एका टोकाला हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात आणि प्लसचं टोक गंजत जातं. ते पुरतं गंजलं की वीज बाहेर यायची थांबते. आत शिल्लक असू शकते, पण आता मोजायला टोकच उरलेलं नाही! म्हणजे रिकामी झाली असं वाटतं आणि कळायला मार्ग नाही. त्यात पाणी आत शिरलं तर तिथल्या फ्लोरीनयुक्त क्षाराशी त्याची क्रिया होऊन हायड्रोजन फ्लोराइड तयार होतं. ते फार वाईट रसायन आहे. शिवाय ते धातू उतरलेलं पाणी तुम्ही ओतणार कुठे? कारखान्यात खारं पाणी वापरून बॅटऱ्या रिकाम्या करतात, पण तिथे धूर ओढायला यंत्रणा असते आणि पाण्यावर प्रक्रिया होते. घरच्या बादलीत यातलं काही नाही.

निकेल-कॅडमियमच्या गठ्ठ्यावर चाकाच्या कचरापेटीवर फुली मारल्याचं चिन्ह आणि खाली सीडी ही दोन रोमन अक्षरं असतील तर तो कॅडमियमचा इशारा. हा पेटणाऱ्यांतला नाही, पण विषारीपणात तुमच्या खणात त्याच्या तोडीला शिशाची बॅटरीच. कॅडमियम शरीरात गेलं की वर्षानुवर्षं मूत्रपिंडात साठून राहतं. जपानमध्ये तोयामा भागात खाणीतलं कॅडमियम जिंझू नदीतून शेतांत उतरलं, लोकांची हाडं ठिसूळ झाली, आणि १९६८ साली सरकारला तो प्रदूषणाचा आजार म्हणून मान्य करावा लागला. ते खाणीचं होतं, सेलचं नव्हे. पण कचरा डेपोत पडलेला सेल फुटला तर त्यातलं कॅडमियमही मातीत आणि पाण्यातच जाणार. टेप लावून वेगळ्या पिशवीत ठेवा, फोडू नका.

आणि तुमची जड चौकोनी बॅटरी बहुधा बंद शिसे-आम्लाची. बिनधास्त यांचे चार पैसे इथे खरंच आहेत, कारण शिसं वितळवून पुन्हा वापरण्याचा धंदा जुना आणि पक्का आहे. फक्त ती साध्या भंगारात देऊ नका. तिथे बॅटरी फोडून आम्ल गटारात जातं आणि शिसं उघड्यावर वितळवलं जातं. शिशाची अमुक इतकी मात्रा मुलांना चालते असं म्हणता येत नाही, कितीही कमी असली तरी नाही. गाडीच्या किंवा इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या विकणारा जुनी परत घेतो, त्याच्याकडे न्या. उभी न्या, आडवी नको, आणि दोन्ही टोकं झाकून.

मोजमाप

सोल्डरकाकांनी सुरक्षेचं सगळं सांगितलं. मी शेवटचा प्रश्न घेतो, कारण माझ्या मते खणातला बराच माल अजून कचरा झालेलाच नाही. जो सेल टाकायचाच नाही त्याच्या विल्हेवाटीला खर्च शून्य.

फ्लॅश हा सेलांचा सर्वात निर्दय मालक. कपॅसिटर (वीज साठवून एकदम सोडणारा भाग) भरताना तो काही क्षण भरपूर अँपिअर ओढतो. सेल जुना झाला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो: बाटलीत पाणी आहे, पण तोंड बारीक झाल्यामुळे भसाभस पडत नाही. तुम्हाला दिसतं की फ्लॅश सावकाश तयार होतोय, तुम्ही सेल बाद करता. तोच सेल भिंतीवरच्या घड्याळात किंवा रिमोटमध्ये अजून खूप दिवस निघतो, कारण ते थेंबाथेंबाने पितात.

चाचणी अशी करा. सेल पूर्ण चार्ज करा, एक दिवस बाजूला ठेवा आणि मग मल्टीमीटर लावा (कुणाचा तरी उसना आणा, नवा घेऊ नका). १.३ व्होल्ट किंवा वर असेल तर तो कामाच्या यादीत. एका दिवसात १.२ च्या खाली आला तर तो आतल्या आत गळतोय, त्याला टेप लावा. चार्ज करूनही १ व्होल्ट गाठत नसेल तर विषय संपला. मात्र फक्त व्होल्टवर डोळे मिटून विसंबू नका. निकेलचा सेल जवळपास संपेपर्यंत १.२ च्या आसपासच दाखवत राहतो. म्हणून टॉर्चमध्ये घालून तो किती वेळ टिकतो तेही बघा. ज्याच्याकडे मिलिअँपिअर-तास, म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते ते, दाखवणारा चार्जर आहे त्याच्याकडे एक दिवस बसलात तर चाळीसही सेलांचा निकाल लागेल. छापील आकड्याच्या निम्म्याहून कमी भरला तर मी घड्याळातही घालत नाही. हा माझा आपला हिशेब, नियम नव्हे.

हुशार चार्जर कधीकधी सेल घालताच "खराब" दाखवतो. पुष्कळदा सेल नुसता अति उतरलेला असतो आणि चार्जरला तो ओळखू येत नाही. निकेल-मेटल हायड्राइड असेल तर जुन्या साध्या चार्जरवर काही मिनिटं लावून, समोर बसून, मग हुशार चार्जरवर घाला. गरम झाला तर लगेच काढा. लिथियमवर हा प्रयोग कधीही नाही. लिथियम-आयन फार उतरली की आतला तांब्याचा पत्रा विरघळायला लागतो, आणि पुन्हा चार्ज करताना ते तांबं भलत्याच जागी जमून आतून शॉर्ट करू शकतं. तिथे चार्जर किंवा संरक्षक सर्किट नाही म्हणालं तर नाही.

आणि पुढचा खण भरू नये म्हणून एक: चार-चारचे संच करा, संचावर मार्करने खूण आणि महिना लिहा, एका संचातला सेल दुसऱ्यात घालू नका. फ्लॅशमध्ये चार सेल एका रांगेत असतात. त्यातला सर्वात कमजोर आधी रिकामा होतो आणि उरलेले तीन त्याच्यातून उलटी वीज ढकलतात. सेल म्हातारे होऊन जातात त्याहून जास्त असे मारले जातात, असं मला वाटतं. नवे घ्याल तेव्हा कमी स्व-विसर्जनाचे घ्या. सान्यो कंपनीने २००५ मध्ये एनेलूप नावाचे सेल आणल्यापासून हा प्रकार बाजारात रुळला. हे पडून राहिले तरी चार्ज धरून ठेवतात, म्हणजे वापरण्याआधी दर वेळी चार्ज करावे लागत नाहीत.

ओला_सुका

मी सुक्या कचऱ्याच्या वर्गीकरणाच्या शेडमध्ये काम करते, म्हणून फ्लॅशवाला यांच्या मित्रासाठी लिहिते. "कुणाला कळतंय?" तर आम्हाला कळतं.

सुटा सेल आमच्याकडे कमीच दिसतो. तो येतो खेळण्याच्या पोटात, ट्रिमरमध्ये, विजेच्या टूथब्रशमध्ये, उघडल्यावर गाणं म्हणणाऱ्या शुभेच्छापत्रात. गाडीत कचरा दाबला जातो, मग पट्ट्यावर ओतला जातो, मध्ये लोखंडी दाते असतात. पातळ लिथियम बॅटरी तिथे वाकली की आधी फुस्स असा आवाज येतो, मग पांढरा धूर. वास गोडसर असतो, पण म्हणून जवळ जाऊन बघायचं नसतं. आणि तिच्या चहूबाजूंनी काय असतं? कागद आणि प्लॅस्टिक. घरी कधी लहान लिथियम-आयन बॅटरी धुमसायला लागली आणि सुरक्षित अंतरावरून ओतता येत असेल तर भरपूर पाणी ओता, ते तिला थंड करतं. थोडंसं शिंपडून उपयोग नाही, ती विझल्यासारखी दिसते आणि परत पेटते. मोठी असेल, आग पसरली असेल किंवा खोली धुराने भरली असेल तर सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि अग्निशमन दलाला फोन करा.

आता फुकटाचं. एक गोष्ट लक्षात ठेवा, ज्याने बॅटरी बाजारात आणली त्याने ती परत गोळा करण्याचा भार उचलावा, हे तत्त्व बऱ्याच ठिकाणी कायद्यात आलेलं आहे. युरोपीय संघात ते २००६ च्या निर्देशापासून आहे आणि २०२३ च्या नव्या नियमनाने आणखी कडक झालं. तिथे विकणाऱ्याने जुनी बॅटरी फुकट परत घ्यायची असते. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ही जबाबदारी उत्पादकावर टाकली, आणि आपल्यावर काय, तर बॅटरी इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून गोळा करणाऱ्याकडे देणं. तेव्हा मागताना ओशाळू नका, तुम्ही कुणाकडे उपकार मागत नाही आहात.

घरी येऊन नेणाऱ्याला खर्च असतो, म्हणून तो पैसे मागतो. तुम्ही नेऊन दिलंत तर बहुतेक ठिकाणी तो प्रश्नच उरत नाही. मोबाइल कंपन्यांची सेवा केंद्रं, इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या मोठ्या दुकानांतल्या जमा पेट्या, महापालिकेची किंवा नगरपालिकेची ई-कचरा केंद्रं, हे आधी बघा. मग ओळखीतलं एखादं ऑफिस किंवा कॉलेज. तिथले जुने संगणक एकगठ्ठा जातात, त्या खोक्याबरोबर तुमची पिशवी जाऊ शकते, पण सांगून आणि विचारून, गुपचूप सारून नाही.

जाण्यापूर्वी फोन करून तीन गोष्टी विचारा: कोणत्या प्रकारच्या बॅटऱ्या घेता, फुगलेली घेता का, आणि पुढे कुणाला देता. तिसऱ्याचं उत्तर "बघतो काहीतरी" असं आलं तर दुसरीकडे जा. फुगलेलीबद्दल लपवू नका. ती न सांगता पेटीत टाकली की त्या पेटीतल्या सगळ्याच बॅटऱ्यांना धोका.

बिनधास्त

ठीक आहे, पिशवीचं मागे घेतो. पण पेन्सिल सेलांना एवढं टेपबिप? १.२ व्होल्टला काय होणार?

जुनी_सोल्डर

एकट्याला फार नाही. तरी चांगला चार्ज असलेला निकेलचा पेन्सिल सेल किल्लीने शॉर्ट केला तर किल्ली हातात धरवत नाही एवढी तापते, त्यांचा अंतर्गत रोध मुळातच कमी असतो. आणि ढिगात ते एकमेकांना टेकून रांगा लावतात, मग १.२ राहत नाही. टेप पुरत नसेल तर निकेलचे सेल त्यांच्या मूळ प्लॅस्टिकच्या डबीत ठेवा, तेवढंही चालतं. लिथियमला आणि बटण सेलला मात्र टेप हवीच. बटण सेल घरात असतील तर ते आधी उंचावर. मुलाने गिळला तर काही तासांत अन्ननलिका भाजते, मेलेला दिसणारा सेलही भाजू शकतो. गिळल्याचा नुसता संशय आला तरी थेट हॉस्पिटल.

फ्लॅशवाला

सगळ्यांचे आभार. फुगलेली वाळूत गेली आणि दुसऱ्याच दिवशी मोबाइलच्या सेवा केंद्राने घेतली. आधी फोन केला होता म्हणून त्यांनी काउंटरवर वेगळा डबा काढून ठेवला होता. निम्म्याहून जास्त पेन्सिल सेल मोजमाप यांच्या चाचणीत उतरले, घरातली घड्याळं, रिमोट, मुलाचा टॉर्च सगळं त्यांच्यावर आलं. काही सेलांच्या टोकाला पांढरी पूड जमलीय, ती काय?

उरलेल्यासाठी एक युक्ती सुचली. आमच्यात फोटो, व्हिडिओ आणि आवाजाचं काम करणारे आणखी काही जण आहेत, सगळ्यांकडे असाच एकेक खण आहे. मिळून त्या संस्थेचं किमान वजन भरतं, आणि येण्याचा खर्च वाटला की माझ्या वाट्याला नगण्य येतो. तीन शंका. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्यांत अजून चार्ज दाखवतोय, तो देण्याआधी काढू का? पॉवर बँक तर धड चार्जही होत नाही, तिचं काय? आणि वजन भरायला शिशाची बॅटरी त्यातच घालू का?

मोजमाप

पांढरी पूड म्हणजे गळती. आतलं पोटॅशियम हायड्रॉक्साइड बाहेर येऊन हवेत सुकतं. ते दाहक आहे, हातमोजे घालून ओल्या फडक्याने पुसा, डोळ्यांना हात लावू नका, कातडीला लागलं तर भरपूर पाण्याने धुवा. ते सेल चाचणीत पास झाले असले तरी घड्याळात घालू नका, घड्याळाचे स्प्रिंग खाऊन टाकतील. वेगळ्या पिशवीत.

जुनी_सोल्डर

कॅमेऱ्याची बॅटरी कॅमेऱ्यातच रिकामी करा. व्हिडिओ चालू करून ठेवा, कॅमेरा आपोआप बंद झाला की काम झालं. बॅटरीतलं सर्किट योग्य जागी तोडतं. त्याखाली जाण्यासाठी बल्ब, वायर, रेझिस्टर असला कुठलाही खटाटोप नको. पॉवर बँकेतून फोनला काही जात असेल तर जाईल तेवढं जाऊ द्या. काहीच निघत नसेल तर तशीच प्लॅस्टिकच्या पिशवीत टाका, उघडू नका. बऱ्याच पॉवर बँकांच्या आत १८६५० नावाचे लिथियम सेल असतात, १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब. ते काढून "चांगले असतील" म्हणून वापरायचा मोह तुमच्या मंडळींत कुणाला तरी होईलच, त्याला आवरा.

शिशाची वजनात घालू नका. तिला स्वतःची किंमत आहे, ती बॅटरीवाल्याकडे नेलीत तर तुमच्या वाट्याचा खर्च कदाचित तीच भागवेल.

ओला_सुका

एकत्र देण्याची कल्पना चांगली आहे, पण गोळा करताना सगळ्यांचे खण कुणा एकाच्या घरी आठवडाभर साठवू नका. प्रत्येकाने आपापल्या घरी टेप लावून, प्रकारानुसार वेगळ्या पिशव्या करून ठेवाव्यात आणि गाडी येणार त्या सकाळीच एका जागी आणाव्यात. पिशवीवर निकेल-मेटल हायड्राइड, कॅडमियम, लिथियम असं मोठ्या अक्षरात लिहा. आणि कुणाकडे फुगलेली निघाली तर ती या ढिगात नको, तिला तुमच्यासारखंच सेवा केंद्र दाखवा.

फ्लॅशवाला

एकाकडे ड्रोनच्या दोन निघाल्यात, एक किंचित फुगीर. त्याला वाळूचा डबा आजच सांगतो.